तीन धरल्या, एक बाद

सडेवाडीचे पोलीस पाटील शेळी ओढत सड्यावर चढून आले, तेव्हा आबा खोपटासमोर बसून लेंग्यात नाडी ओवत होते. शेळीला वर यायचं नव्हतं. पाटलांनाही फारसं यायचं नसावं, कारण ते मधेच थांबून शेळीच्याच पाठीवर हात टेकून दम खात होते. कोण कुणाला वर आणतंय ते लांबून कळत नव्हतं.

"मेलो," आबा म्हणाले. "कुणाच्या शेळीला दगड मारला गं पोरींनो?"

आम्ही चौघी बहिणी एकमेकींकडं बघायला लागलो. दगड आम्ही बऱ्याच जणांना मारले होते, पण शेळी आठवत नव्हती.

त्या वर्षी आबांना सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरच्या, पवनचक्क्यांवर रात्रीच्या राखणीचं काम लागलं होतं. आम्ही कोळेकर, आटपाडीकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हापासून आबा मिळेल ते काम करायचे आणि काम संपलं की दुसरीकडं जायचे. मागोमाग आमचं बिऱ्हाड. कंपनीनं दिलेलं पत्र्याचं खोपट एकट्या माणसापुरतं होतं. त्यात आम्ही सहा जण राहतो हे मॅनेजरला कळलं, तेव्हा तो म्हणाला, दिवाळी झाली की बायकापोरं खाली गावात न्या.

खाली दोन गावं होती. ओढ्याच्या अलीकडं सडेवाडी, पलीकडं पाणसरे. सड्यावरून दोन्ही सारखीच लांब, आणि दोन्हीकडं आबा खोली विचारून आले होते. दोन्हीकडं आधी विचारलं गेलं, "पोरं किती?" आबा खाली बघत म्हणायचे, "चार पोरी." की समोरचा 'आरारा' म्हणायचा आणि खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. खुद्द या पाटलांनीही आबांना दारातूनच परत पाठवलं होतं. "पाणी लई लागंल तुमास्नी," असं म्हणून.

तेच पाटील आता दारात उभे राहून घाम पुसत होते.

"बिरुदेवराव हायत का?" त्यांनी विचारलं.

आबांनी मागं वळून बघितलं. त्यांना आजवर कुणी राव लावला नव्हता. मुकादम त्यांना 'ए बिरा' म्हणायचा आणि आमची आजी त्याहून वाईट.

"मीच की," आबा म्हणाले.

"चार पोरी न्हवं तुमाला?"

आबांनी सवयीनं मान खाली घातली. "चार."

"चार!" पाटील खोपटाच्या उंबऱ्यावरच बसले. "देवानं भरभरून दिलंय की वो तुमाला."

आई आत चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

मग पाटलांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि वयं विचारली. पिंकी सहा. कोमल सात. मी नऊ, चौथीत बसायच्या वयाची, पुस्तक मिळेल ते वाचणारी आणि ते सगळ्यांना सांगणारी. आमच्या तिघींच्या डोक्यावर पाटलांनी एकेक हात ठेवला, बाजारात भोपळा बघतात तसा. मग ते सारिकाकडं वळले.

"ही?"

"थोरली. तेरा सरलं हिला. पाचवीतनं शाळा सुटली, धाकटीला कुणी बघायचं म्हणून."

"म्हंजी बाद," पाटील म्हणाले. "तीन धरल्या, एक बाद."

सारिका तव्यावरची भाकरी उलटायला आत गेली.

झालं होतं असं, की दोन्ही गावांच्या शाळा चौथीपर्यंतच्या आणि दोन्हीकडं पोरं संपत आली होती. माणसं मुंबईला आणि कराडला गेली, ती पोरं घेऊनच गेली. आता वरून हुकूम आला होता की पट ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला तर शाळेला कुलूप लावायचं आणि उरलेली पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवायची. तालुक्याचे साहेब येऊन डोकी मोजणार होते. आणि सडेवाडी आणि पाणसरे यांच्यात तर ओढ्याच्या बंधाऱ्यावरून बापजाद्यांपासून वैर. पाटलांनी ते आबांना एका वाक्यात सांगितलं.

"आमची पोरं त्यांच्या शाळेत गेली तर आमी तोंड कुठं दाखवायचं? त्यापरीस अडाणी ऱ्हायलेली बरी."

सडेवाडीला दोन पोरं कमी पडत होती. म्हणून पाटील बोलले ते असं: स्वतःच्या घराच्या मागच्या दोन खोल्या, भाडं नाही, नळ दारात, आणि ही शेळी, दुभती, आजपासून तुमची. फक्त तीन दाखले शाळेत द्यायचे.

"इचार करून सांगतो," आबा म्हणाले. आबा विचार करून सांगतो म्हणाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. पाटील शेळी ठेवून गेले, आणि त्यांची पाठ वळताच आबांनी आईला सांगितलं, "तांब्यात पाणी दे. दाढी करतो."

दुसऱ्या दिवशी पाणसरेच्या सरपंच शेवंताबाई आल्या. त्या नऊवारीचा काष्टा घालून एकट्याच चढून आल्या, आणि त्यांना दम लागला नव्हता. पाणसरेलाही दोनच पोरं कमी होती. कोळेकरांच्या तीन पोरींवर सडेवाडीनं शेळी लावली, हे त्यांना रात्रीच कळलं होतं.

"माज्याकडं फुकटात द्यायला शेळी न्हाय," त्या म्हणाल्या. "समाजमंदिराच्या मागची खोली हाय. पावसात एका कोपऱ्यात गळती, तिथं भांडं ठेवायचं. तुमच्या मंडळींना भातकाढणीचं काम देते, रोजचा रोज पैसा. आमच्या बाई रोज शाळेत येतात. एवढंच."

आबांना हे अगदीच कमी वाटलं. ते तोवर दाढी केलेले, मांडी घालून घोंगड्यावर बसलेले होते.

"पाटील दुभती शेळी देत्यात," ते म्हणाले.

"द्या की मग पोरी त्यास्नी. शेळीच्या बदल्यात पोर दिलेली मी तरी अजून बघितली न्हवती."

आई हसली. पदर तोंडाला लावून, पण मी बघितलं.

शेवंताबाई निघून गेल्या आणि आठवडाभर सड्यावर माणसांची जत्रा लागली. पाटलांनी शेळीवर एक डिश टीव्ही चढवला. पाणसरेच्या दोन तरुणांनी परस्पर येऊन आबांना पँटपीस दिला. आम्हा तिघींची तर चैन होती. मी येणाऱ्या माणसाला बघितलं की हळूच खोकायची आणि म्हणायची, "गावात शेंगदाण्याचा लाडू मिळतो का वो?" मिळायचा. सडेवाडीच्या एका काकूंनी मला लाडू देत विचारलं, "मग बाळ, तुला कुठलं गाव आवडतं?" मी खात खात म्हणाले, "अजून पाणसरेचा लाडू यायचाय." कोमलनं रिबिनी मागितल्या, दोन्ही गावांकडून. पिंकीनं काही मागितलं नाही, ती दिवसभर शेळीच्या गळ्यात पडलेली असायची.

सारिकाला कुणी काही देत नव्हतं, आणि तिनं मागितलंही नाही. चहा मात्र सगळ्यांना तिच्याच हातचा जायचा. एकदा मी ऐटीत तिला म्हणाले, "तुझी मोजणी न्हाय, म्हणून तुला लाडू न्हाय." तिनं माझ्या वेणीला असा हिसका दिला की लाडूचा अर्धा भाग जमिनीवर पडला आणि शेळीनं खाल्ला. मला वाटलं, तिला लाडवाचाच राग आला.

आबांचा कल सडेवाडीकडं होता. शेळी होती, टीव्ही होता, आणि मुख्य म्हणजे पाटील त्यांना राव म्हणत. आई काहीच म्हणत नव्हती. आबा एकदा वैतागून म्हणाले, "तुजं काय ते बोल की."

"तुमचं होऊंद्या आधी," ती म्हणाली.

साहेब येण्याची तारीख जवळ आली तशी दोन्ही गावं घायकुतीला आली. शेवटी ठरलं की ओढ्याच्या बंधाऱ्यावर बसून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. अलीकडच्या काठावर पाटील आणि त्यांची माणसं, पलीकडच्या काठावर शेवंताबाई आणि त्यांचा दुधाची जीप चालवणारा मुलगा सर्जेराव. मधे बंधाऱ्याच्या भिंतीवर आम्ही सहा जण. आबांनी नवा पँटपीस लुंगीसारखा गुंडाळला होता, कारण शिवायला वेळ मिळाला नव्हता.

पाटील म्हणाले, "हे बगा, भांडण नको. वाटून घेऊ. दोन पोरी आमच्या, एक तुमची."

"आमालाबी दोनच कमी हायत," शेवंताबाई म्हणाल्या. "एकीनं काय व्हनार?"

"मग दोन तुमी, एक आमी?"

"तेबी तुमाला पुरत न्हाय."

दोन आणि दोन चार होतात आणि पोरी तीनच आहेत, हे गणित काठावरच्या प्रत्येक माणसानं मनातल्या मनात पुन्हा करून बघितलं. आबा म्हणाले, "अजून एक झाली असती तर बरं झालं असतं." आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारेल असं वाटलं नव्हतं. आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी पँटपीस सावरला.

तेवढ्यात पाटलांची नजर सारिकावर गेली.

"ह्या थोरलीला चौथीत दावली तर?"

"तेरा वर्षांची घोडी चौथीत?" सर्जेराव म्हणाला.

"कागदावर रे. अंगानं बारीकच हाय. नाव पटावर घालायचं. साहेब येतील त्या दिवशी मागच्या रांगेत बसायचं, बाकी रोज घरी भाकऱ्या थापायच्या. कुणाचं काय जातंय? चार झाल्या. दोन तुमच्या, दोन आमच्या. बिरुदेवरावांनी मधे खोपाट बांधावं."

माणसं हसली. पण हसता हसता मानाही हलायला लागल्या, कारण हिशेब बरोबर बसत होता. आबांचा चेहरा उजळला. त्यांना बहुधा शेळीसुद्धा ठेवता येईल असं दिसलं असावं.

"चालंल," आबा म्हणाले. "आमची ना न्हाय."

"माजी हाय," आई म्हणाली.

ती बंधाऱ्यावर उभी राहिली. माझ्या आईला चार माणसांत बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. तिचा आवाजही नीट निघाला नाही, पहिलं वाक्य तिनं खाकरून पुन्हा म्हटलं.

"पाटील, माजी सारिका कागदावर कशाला? खरीच घाला की शाळंत."

"आवो, चौथीत कुठं बसंल ती?"

"चौथीत कशाला? तिची पाचवी सुटलीय. वय बगून सहावीत बसवा."

"सहावी न्हाय आमच्याकडं."

"त्यांच्याकडं?"

"त्यांच्याकडंबी न्हाय. सहावी कोळेगावच्या हायस्कुलात. सात मैल. मधी जंगल. गवे हायत, अस्वल हाय. हितनं पोरी जात न्हाईत."

"मग चौथीनंतर पोरी काय करत्यात?"

पाटलांना या प्रश्नाचा रोख कळला नाही. "काय करणार? घरी असत्यात."

आई पलीकडच्या काठाकडं वळली. "सरपंचबाई, तुमच्यातल्या?"

शेवंताबाई पाण्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याबी घरीच."

"ऱ्हाऊंद्या मग," आई म्हणाली. "आठ दिस झालं, तुमी सगळे येताय, डोकी मोजताय, लाडू देताय. तीन धरल्या, एक बाद. एकानंबी इचारलं न्हाय, ह्या सारिकाच्या पाठचीची चौथी वर्साभरात सरंल, मग तिचं काय? मग तीबी बादच न्हवं? मग कोमल. मग पिंकी. मला शेळी नको आन टीव्ही नको. रोज सकाळी जी गाडी कोळेगावला जाती ती माज्या सारिकाला नेऊन सोडंल आन परत आणंल, त्या गावात मी ऱ्हाते. तिन्ही पोरी त्या शाळंत घालते. दोन नव्हं, तिन्ही."

आठ दिवस काही न बोलता आई मनात काय मोजत होती ते मला तेव्हा कळलं. आमच्या खोपटासमोरून पहाटे खालचा रस्ता दिसायचा, आणि रोज एकच दिवा त्या रस्त्यानं कोळेगावकडं जाताना दिसायचा. तो सर्जेरावच्या जीपचा.

पाटील पहिल्यांदा सावध झाले. "आमच्याकडं गाडी न्हाय म्हणून काय..."

"तुमच्याकडं मोटरसायकल हाय. तुमी सोडा."

"रोज?"

"रोज शाळा असती न्हवं?"

पाटील घसा साफ करत राहिले. पलीकडं सर्जेराव आईच्या कानात, म्हणजे शेवंताबाईंच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, पोरी बसवल्या तर कॅन कुठं ठेवू? आन आज ही एक बसंल, उद्या गावातल्या सगळ्या म्हणतील आमालाबी न्या."

"म्हणू दे की," शेवंताबाई म्हणाल्या. "तुजी बहीण म्हणत हुती तवा गाडी न्हवती. आता हाय." आणि मग आईला, "सकाळी सहाला निघती गाडी. दुधाचा वास येईल. थंडीत वारं लागंल. चालतंय का?"

आईनं सारिकाकडं बघितलं. सारिका भिंतीवर पाय सोडून बसली होती आणि स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होती. तिनं मान हलवली, एवढी थोडी, की मी शेजारी नसते तर मलाही कळली नसती.

"चालतंय," आई म्हणाली.

"आन आमची शाळा?" पाटील म्हणाले. त्यांचा आवाज खरंच पडला होता. "बंद पडू द्यायची का आता?"

"तुमची नातवंडं कितवीला हायत वो पाटील?" शेवंताबाईंनी सहज विचारलं.

"एक दुसरीला, एक तिसरीला."

"कुठं?"

पाटील ओढ्याच्या पाण्यात काहीतरी शोधत असल्यासारखे वाकले. "कराडला," ते म्हणाले. "इंग्लिश मिडीयमला. मामाकडं."

अलीकडच्या काठावरची, त्यांचीच माणसं आधी हसली. दोन कमी पडत होती आणि दोनच होती. त्यासाठी हिशेब करायची गरज नव्हती.

पाटील संध्याकाळी शेळी न्यायला आले. डिश टीव्हीची छत्रीही काढून नेली. पिंकी शेळीला मिठी मारून रडली, तेव्हा पाटलांनी तिला चॉकलेट दिलं आणि जाताना आबांना म्हणाले, "येतो बिरा." साहेब डोकी मोजायला आले तेव्हा सडेवाडीच्या शाळेत पहिल्या रांगेत टाय घातलेली दोन पोरं फुरंगटून बसली होती, असं आम्ही ऐकलं. शाळा वाचली. आमचीही वाचली. पुढं चारेक वर्षांनी दोन्ही बंद पडल्या, कारण आमच्यासारखं बिऱ्हाड काही दर वर्षी सड्यावरून उतरत नाही. पण तोवर आम्ही तिघी त्या शाळेतून निघून सारिकाच्या मागोमाग जीपमध्ये चढलो होतो. सर्जेरावनं मागं एक बाकडं ठोकून घेतलं होतं आणि त्यावर पाणसरेच्या सात-आठ पोरी दाटीवाटीनं बसायच्या. पुढं पुढं सडेवाडीच्याही दोघी बंधाऱ्यावरून चालत येऊन चढायच्या, आणि पाटील ते बघितलं नाही असं करायचे.

पण मला आठवते ती पाणसरेतली पहिली सकाळ.

अंधार पुरता गेला नव्हता. सारिकानं माझा निळा स्कर्ट खालची दुमड उसवून घातला होता, तो तिला तरीही आखूड होत होता. जीप समाजमंदिरासमोर थांबली. सारिका मागं चढली आणि दोन कॅनच्या मधे बसली. मला वाटलं ती हात करील. तिनं दोन्ही हातांनी कॅनच्या कड्या घट्ट धरल्या होत्या. दप्तर म्हणजे आबांची जेवणाची पिशवी, ती तिच्या मांडीवर होती. गाडी वळली आणि गेली. आई रस्त्यात तशीच उभी राहिली. गाडीचा आवाज विरला तेव्हा ती म्हणाली, "मागं बसली. फुडं बस म्हणायला पायजे हुतं."

मग आम्ही आत आलो. चूल विझलेली होती. आईला भातकाढणीला जायचं होतं, विळे घेऊन बायका दारात हाका मारायला लागल्या होत्या. आबा रात्रपाळी करून नुकतेच आले होते आणि भाकरीची वाट बघत भिंतीला टेकून बसले होते. परातीत पीठ तसंच. सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की आजवर या वेळी भाकरी झालेली असायची आणि ती करणारी आता सात मैलांच्या रस्त्यावर होती.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी नऊ वर्षांची, थोरलीनंतरची. हिशेब सरळ होता. मी उठले आणि परातीजवळ जाऊन बसले.

"ऊठ," आई म्हणाली. "तुजी शाळा हाय."

"मग भाकरी?" आबांनी विचारलं.

आईनं विळा कमरेला खोचला. डोक्याला फडकं बांधलं. दारातून म्हणाली, "तुमी दिवसभर घरीच असता न्हवं? पाणी गरम घ्या. पीठ लई सैल करू नका."

आणि ती गेली. आबांनी बाह्या वर केल्या, दार लावून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "गरम म्हंजी किती गरम गं?"